नारायणगाव ते 'परदेश', व्हाया कॅसलरॉक!

युरोपात म्हणे सकाळचा नाश्ता व्हिएन्नामध्ये करायचा आणि तासाभराच्या ट्रेनने जेवायला ब्रातिस्लाव्हाला जायचं. दोन देश, दोन राजधान्या, आणि मध्ये फक्त एक तास! होस्टेलवर हा विषय निघाला की सगळ्यांचं ठरलेलं वाक्य असतं, "आपल्याकडे असं काही नाही यार." नारायणगावात बसून असं म्हणणं तर फारच सोपं, कारण आपल्याकडे मुळात रेल्वेच नाही. एसटी पकडायची, पुणे गाठायचं, आणि मग पुढचं बोलायचं.

पण मित्रांनो, पुणे स्टेशनवरून रेल्वेने खरोखरच परदेशात जाता यायचं. मिरज, बेळगाव, लोंढा, कॅसलरॉक आणि मग पुढचं स्टेशन पोर्तुगालच्या राज्यात! आज आपण ज्याला 'गोवा ट्रिप' म्हणतो, तो १९५५ पर्यंत चक्क आंतरराष्ट्रीय रेल्वेप्रवास होता.

हे प्रकरण सुरू झालं ते १८७८ च्या डिसेंबरमध्ये. ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात गोव्याबद्दल एक करार झाला. इंग्रजांना घाटावरचा कापूस आणि बाकी माल समुद्रापर्यंत न्यायला मुरगावसारखं उत्तम नैसर्गिक बंदर हवं होतं. पोर्तुगीजांकडे बंदर होतं, पण पैसा नव्हता. म्हणून १८८१ मध्ये लंडनला कंपनी निघाली : 'वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे'. नावातला 'गॅरंटीड' हा शब्द महत्त्वाचा आहे. गाडीला प्रवासी मिळोत न मिळोत, भांडवलावरचं व्याज द्यायची हमी पोर्तुगीज सरकारची. म्हणजे नफा झाला तर कंपनीचा, तोटा झाला तर सरकारचा! आणि तोटा भरपूर झाला. मला विचाराल तर या सगळ्या व्यवहारात सगळ्यात हुशारीचं (आणि सगळ्यात दुष्टपणाचं) कलम मिठाचं होतं. वर्षाला चार लाख रुपयांच्या बदल्यात गोव्यातल्या मिठागरांचा ताबा इंग्रजांनी घेतला. पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकवणारी माणसं रेल्वेच्या करारात भरडली गेली. हा करार १८९२ मध्ये संपला. रूळ मात्र राहिले.

मुरगाव ते सावर्डे हा सपाटीचा भाग १८८७ ला सुरू झाला आणि घाट १८८८ ला. आता थोडं इंजिनिअरिंग, कारण शेवटी आपण त्याच लायनीतले! कॅसलरॉक ते कुळे हा साधारण २६ किलोमीटरचा घाट. त्याला ब्रागांझा घाट म्हणतात. तीव्र चढ आहे १:३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. बाईकवर हा चढ आपल्याला जाणवणारसुद्धा नाही. पण हजार टनांची गाडी घ्या. हजार भागिले सदतीस, म्हणजे नुसतं गुरुत्वाकर्षणाशी भांडायलाच सुमारे २७ टनांचा जोर लागतो, बाकीचं घर्षण वेगळंच. त्यात लोखंडाच्या रुळावर लोखंडाचं चाक, पावसाळ्यात ओलं. नुसती पॉवर असून उपयोग नाही, चाक घसरायला नको. म्हणून कुळ्याला गाडीला मागून जादा इंजिनं लावतात. त्यांना 'बँकर' म्हणतात. ती मागून ढकलतात. उतरताना त्यांचं काम उलटं, गाडी आवरायची.

पहिली शंभरेक वर्षं हा मार्ग मीटरगेज होता, म्हणजे दोन रुळांत बरोबर एक मीटर अंतर. ब्रॉडगेजमध्ये ते १६७६ मिलिमीटर असतं. घाटात वळणं घ्यायला अरुंद गेज सोयीचं पडतं, बोगदेही लहान चालतात. १९९० च्या दशकात हे सगळं ब्रॉडगेज झालं. तेच बोगदे, तीच दरी, त्यात रुंद गाडी बसवायची! प्रोजेक्ट म्हणून कुणी याचा अभ्यास केला तर मला वाचायला आवडेल.

सीमा ओलांडायची पद्धत अशी : अलीकडे कॅसलरॉकला भारताच्या बाजूची तपासणी, मग घाट उतरायचा आणि कुळ्याला पोर्तुगीज कस्टम. सामान खाली, ट्रंका उघडा, कागद दाखवा. आतलं चलनही वेगळं, पोर्तुगीज 'रुपिया'. जुन्नरकरांना यात नवल वाटायचं कारण नाही. नाणेघाटाच्या तोंडाशी जो दगडी रांजण आहे, तो जकातीचा म्हणूनच लहानपणापासून ऐकलाय. घाट आला की नाकं येतं, हा सह्याद्रीचा जुनाच नियम दिसतो.

कुळे स्टेशनला आणखी एक इतिहास आहे. १८ जून १९४६ ला डॉ. राम मनोहर लोहियांनी मडगावात सभा घेऊन गोव्याच्या लढ्याला तोंड फोडलं. पोर्तुगीजांनी त्यांना बाहेर काढलं. सप्टेंबरच्या अखेरीस ते पुन्हा रेल्वेने आले, तेव्हा कुळे स्टेशनवरच त्यांना अटक करून आग्वादच्या किल्ल्यात डांबलं. पुढे १९५४ ला पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती स्थापन झाली. १९५५ च्या मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट सत्याग्रहींना घेऊन हद्दीत शिरले. १५ ऑगस्ट १९५५ ला तर हजारो लोक सगळीकडून आत गेले, काही कॅसलरॉकच्या बाजूने रुळांवरून चालत. पोर्तुगीजांनी गोळीबार केला, वीसहून जास्त माणसं मेली. त्यानंतर भारताने संबंध तोडले आणि रेल्वे थांबली.

आमच्या कॉन्व्हेंटमधल्या एक सिस्टर मूळच्या गोव्याच्या होत्या. त्यांचे वडील पुण्याला कॅम्पात बेकरीत कामाला होते आणि बाकी घर सासष्टीत. गाडी बंद पडली तेव्हा ते इकडे अडकले. १९६१ च्या डिसेंबरमध्ये गोवा मुक्त झाला, त्यानंतरच ते घरी जाऊ शकले. सिस्टर सांगायच्या, "पप्पा परत आले तेव्हा मी त्यांना ओळखलंच नाही, मी आईच्या मागे लपले." इतिहासाच्या पेपरात आम्ही 'गोवा मुक्तिसंग्राम, टीपा लिहा' असं दोन मार्कांना लिहायचो. पण सीमेवरची गाडी बंद होते म्हणजे काय होतं, ते मला या एका वाक्यामुळे कळलं. समझौता आणि थार एक्स्प्रेस २०१९ मध्ये थांबल्या, ढाक्याची मैत्री एक्स्प्रेस जुलै २०२४ मध्ये थांबली, तेव्हा बातम्यांमध्ये सगळं राजकारणच होतं. मला मात्र सिस्टरांचे पप्पा आठवले.

असो. आता खाण्याकडे वळू. नाहीतर संपादक म्हणतील मॅगझिनचं पान आहे की इतिहासाचं गाईड!

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघी गोवा एक्स्प्रेसने गेलो. सोबत आजीने दिलेल्या बाजरीच्या भाकऱ्या, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी. बेळगावला कुंदा घेतला. खवा आटवून तपकिरी होईपर्यंत परततात तो. जाताना घाट रात्रीच्या अंधारात गेला. फक्त बोगद्यांचा आवाज आणि ब्रेकचा जळका वास! सकाळी उठलो तर नारळाची झाडं, लाल माती आणि सायकलवरून भोंपू वाजवत येणारा पोदेर. पोदेर म्हणजे पाववाला. त्याच्याकडची कोंड्याची पोळीसारखी चपटी 'पोई' गरम गरम खावी, सोबत पातळ भाजी. मांसाहारी मैत्रिणीने शागुती आणि चोरीस (व्हिनेगर-मिरचीत मुरवलेलं डुकराचं सॉसेज) हाणलं. मी शाकाहारी, त्यामुळे सोलकढीवर आणि बिबिंकावर ताव मारला. बिबिंका म्हणजे नारळाचं दूध, अंडी, साखर आणि तूप यांचा थरांचा केक. एक थर भाजून झाला की त्यावर पुढचा ओतायचा. (अंडं मी शाकाहारातच धरते, घरी सांगू नका.)

गंमत म्हणजे सीमेपलीकडचं खाणं आपण रोज नारायणगावात खातोच. मिसळीबरोबरचा 'पाव' हा शब्दच पोर्तुगीज. बटाटा, काजू, चावी, पगार, घमेलं हे शब्दही तिकडूनच आले. तर्रीतली मिरची अमेरिका खंडातली, ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून इथे पोहोचली. आपल्या मार्केट यार्डात क्रेटवर क्रेट चढतात तो टोमॅटोसुद्धा मूळचा तिकडचाच. चारशे वर्षांत या घाटांनी माणसं अडवली असतील, भाज्या मात्र अडवता आल्या नाहीत.

परत येताना घाट दिवसा मिळाला, आणि तोच खरा प्रवास. कुळे, सोनावळी, दूधसागर, करंझोळ. दूधसागर धबधबा ३१० मीटर उंच आहे आणि गाडी त्याच्या मधूनच पुलावरून जाते. 'चेन्नई एक्स्प्रेस' सिनेमात (२०१३) हाच आहे, जरी मुंबईहून चेन्नईला जाणारी नेहमीची गाडी सोलापूरवरून जाते, इकडे फिरकतही नाही!

या घाटात दुसरा रूळ टाकायचा बेत होता. मोले अभयारण्याचं जंगल त्यात जाणार म्हणून २०२० मध्ये गोव्यात मोठं आंदोलन झालं आणि मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने वन्यजीव मंडळाची परवानगी रद्द केली. आपल्याकडेही तसाच पेच आहे. पुणे-नाशिक रेल्वे नारायणगाववरून जाणार, म्हणून किती वर्षं ऐकतोय. २०२४ च्या अखेरीला रेल्वेमंत्र्यांनी सांगितलं की खोडदच्या जीएमआरटीमुळे हा मार्ग बदलावा लागेल. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना अवकाशातून येणारे अतिशय क्षीण रेडिओ सिग्नल पकडतात. विजेच्या इंजिनाचा पँटोग्राफ तारेला घासून ठिणगी उडाली की रेडिओ लहरी निघतात, आणि त्यांच्यापुढे ते सिग्नल बुडून जातात. ईएनटीसीवाल्यांना हे लगेच पटेल. टोमॅटो घेऊन पहाटे ट्रकमागे धावणाऱ्या माझ्या काकांना मी हे अजून पटवू शकलेले नाही, आणि खरं सांगायचं तर काकांचंही म्हणणं मला चूक वाटत नाही.

जाणार असाल तर दोन गोष्टी. घाट दिवसा येईल अशी गाडी वेळापत्रक बघून ठरवा. आणि दूधसागरला उतरून रुळांवरून चालत जायचा उद्योग करू नका. त्यावर बंदी आहे, जुलै २०२३ मध्ये रेल्वे पोलिसांनी अशा ट्रेकर्सना तिथेच उठाबशा काढायला लावल्या होत्या. खिडकीत बसा आणि कुळ्याहून निघताना डब्यात कुणी वयस्कर गोवेकर असतील तर त्यांना जुन्या कस्टमबद्दल विचारा. आम्हाला भेटलेल्या आजोबांनी ट्रंकेच्या तळाशी काय काय दडवायचे ते कॅसलरॉक येईपर्यंत सांगितलं.