पहिल्या उन्हातली लांब धाव

थंडी ओसरून ऊन तापू लागले की लांब पल्ल्याचा सराव अचानक जड जातो. आठवड्यापूर्वी ज्या वेगाने २५ किलोमीटर गप्पा मारत पार पडले, त्याच वेगाने १५ व्या किलोमीटरलाच धाप लागते, नाडी मिनिटाला १०-१५ ठोक्यांनी वर चढलेली असते आणि शेवटचे काही किलोमीटर चालत काढावे लागतात. तापमान पाहावे तर जेमतेम २२-२३ अंश. जून-जुलैत याच तापमानाला धावपटू ‘आज हवा छान आहे’ म्हणतात. त्यामुळे दोष झोपेला, आदल्या रात्रीच्या जेवणाला किंवा इच्छाशक्तीला दिला जातो. प्रत्यक्षात शरीर अजून हिवाळ्यातच असते.

या घटनेचा सर्वांत मोठा जाहीर नमुना म्हणजे बॉस्टन मॅरेथॉन. १८९७ पासून ती सहसा एप्रिलमध्ये धावली जाते. न्यू इंग्लंडमधले धावपटू डिसेंबर ते मार्च बर्फातून सराव करतात आणि शर्यतीच्या दिवशी कधीकधी एकदम उन्हाळा उजाडतो. १९७६ साली शर्यत भर दुपारी १२ वाजता सुटली तेव्हा हॉपकिंटन गावात पारा ३७ अंशांच्या आसपास होता. रस्त्याकडेच्या रहिवाशांनी बागेला पाणी घालायचे पाइप धावपटूंवर धरले. जॅक फुल्ट्झ २ तास २० मिनिटे १९ सेकंदांत जिंकला. २०१२ मध्ये पारा पुन्हा ३० च्या वर गेला. आयोजकांनी आधीच सांगून टाकले होते की ज्यांना माघार घ्यायची असेल त्यांनी घ्यावी, पुढच्या वर्षीची जागा राखून ठेवू. त्या वर्षीचा विजेता वेस्ली कोरीर याची वेळ २ तास १२ मिनिटे ४० सेकंद होती. आदल्या वर्षी त्याच रस्त्यावर जेफ्री मुताई २ तास ३ मिनिटे २ सेकंदांत धावला होता. (त्या दिवशी वारा पाठीमागून होता, हेही हिशेबात धरायला हवे.) २०१२ मध्ये मुताईला पोटातल्या पेटक्यांमुळे शर्यत मध्येच सोडावी लागली.

उष्णतेचा हिशेब साधा आहे. धावताना दर किलोग्रॅम वजनामागे दर किलोमीटरला साधारण १ किलोकॅलरी खर्च होते. ६० किलोचा माणूस ताशी १० किलोमीटर धावला तर तासाला ६०० किलोकॅलरी. स्नायू यातला पाचवा ते चौथा हिस्साच हालचालीसाठी वापरतात, उरलेली सुमारे ४५० किलोकॅलरी उष्णता अंगात साठू लागते. ६० किलोच्या शरीराचे तापमान १ अंशाने वाढवायला ५० किलोकॅलरी पुरतात. म्हणजे ही उष्णता बाहेर टाकलीच नाही, तर तासाभरात शरीर ९ अंशांनी तापेल, आणि धावणारा त्याच्या कितीतरी आधी कोसळेल. तसे होत नाही याचे मुख्य श्रेय घामाला. १ लिटर घाम त्वचेवर पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. ‘वाळला’ हे महत्त्वाचे. कोपरावरून रस्त्यावर टपकलेला घाम शरीरातले पाणी नेतो, उष्णता जवळजवळ नेत नाही. माठ मार्चमध्ये नागपुरात पाणी गार करतो आणि मुंबईच्या दमट हवेत नुसता ओला राहतो, तोच फरक धावणाऱ्याच्या पाठीवर दिसतो.

घामाचे हे काम प्रयोगाने दाखवण्याचा मान १७७४ सालच्या लंडनमधल्या एका विलक्षण प्रयोगाकडे जातो. डॉक्टर जॉर्ज फोर्डाइस याने तापवलेल्या खोल्यांमध्ये चार्ल्स ब्लॅग्डेन, जोसेफ बँक्स आणि मंडळी शिरली. एका खेपेस खोलीचे तापमान सुमारे १२७ अंश सेल्सियस होते आणि ब्लॅग्डेन आत ८ मिनिटे थांबला. त्याच खोलीत ठेवलेली अंडी २० मिनिटांत कडक उकडल्यासारखी झाली. मांसाचा तुकडा ३३ मिनिटांत गरजेपेक्षा जास्त शिजला, आणि भात्याने वारा घातल्यावर दुसरा तुकडा १३ मिनिटांतच तयार झाला. एक कुत्रीही आत नेली होती, पाय भाजू नयेत म्हणून टोपलीत बसवून. माणसे आणि कुत्री धडधाकट बाहेर आली. या वर्णनातला खाण्याचा भाग सगळे सांगतात, पण खरा प्रयोग वेगळाच होता. ब्लॅग्डेनने खोलीत पाण्याची भांडी ठेवली. खोली पाण्याच्या उत्कलनबिंदूहून गरम असूनही उघडे पाणी उकळेना, कारण पृष्ठभागावरून वाफ उडून ते गार होत राहिले. पाण्यावर तेलाचा तवंग पसरताच ते उकळू लागले.

वाफ उडणे अडवले की गार होणेही थांबते, हा निष्कर्ष १७७५ मध्ये छापून आला. तरीही १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो मॅरेथॉनला उतरला, तेव्हा उन्हापासून बचाव म्हणून त्याने अंगाला मेण किंवा चरबी चोपडली होती असे सांगितले जाते. पारा ३० च्या वर होता, निघालेल्यांपैकी जेमतेम निम्मे शेवटपर्यंत पोहोचले. लाझारो वाटेत कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. जपानचा शिझो कानाकुरी त्याच शर्यतीतून मध्येच बाहेर पडला आणि कुणाला न सांगता घरी गेला. १९६७ मध्ये स्वीडनने त्याला बोलावून शर्यत पूर्ण करायला लावली. ऑलिंपिक मॅरेथॉनची सर्वांत संथ वेळ त्याच्या नावावर आहे: ५४ वर्षांहून अधिक.

घामासाठी लागणारे पाणी आणि स्नायूंतली उष्णता या दोन्हींची वाहतूक रक्तच करते, आणि नाडी चढण्याचे मूळ इथेच आहे. गार हवेत हृदयातून निघणारे बहुतेक रक्त पायांच्या स्नायूंकडे जाते. ऊन असले की मोठा हिस्सा त्वचेकडे वळवावा लागतो, शिवाय घामामुळे रक्तातला द्रवही कमी होतो. हृदयाकडे परतणारे रक्त घटते, प्रत्येक ठोक्यात कमी रक्त बाहेर पडते आणि तीच गरज भागवण्यासाठी ठोके वाढवावे लागतात. क्रीडाशास्त्रात याला कार्डिओव्हॅस्क्युलर ड्रिफ्ट म्हणतात. एडवर्ड कॉइल आणि होसे गोन्झालेझ-अलोन्सो यांनी या साखळीचा क्रम उलटा लावून दाखवला: तापलेले हृदय आधी जोरात धडधडते, म्हणून त्याला भरायला वेळ मिळत नाही, म्हणून प्रत्येक ठोक्यातले रक्त कमी होते. क्रम कोणताही धरा, धावणाऱ्याच्या घड्याळावरचा आकडा वरच जातो. त्यातच तापलेले स्नायू ग्लायकोजेन जास्त वेगाने जाळतात, त्यामुळे पाय रिकामे होण्याची वेळही अलीकडे येते.

शरीराचे तापमान वाढणे हाच मात्र बिघाड नव्हे. १९३८ मध्ये डेन्मार्कच्या मारियस नील्सनने दाखवले की श्रम करताना शरीराचे आतले तापमान श्रमाच्या जोरावर ठरते, बाहेरच्या हवेचा त्यावर बऱ्याच मोठ्या टप्प्यात परिणाम होत नाही. ग्रिफिथ प्यू यांनी इंग्लंडमधल्या एका मॅरेथॉनमध्ये धावपटूंची तापमाने मोजली आणि १९६७ मध्ये प्रसिद्ध केली. शर्यतीचा विजेता ४१.१ अंशांवर होता आणि ठणठणीत होता. प्यू हे १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेचे शरीरशास्त्रज्ञ. प्राणवायू किती घ्यायचा, उंचीवर बर्फ वितळवून किती पाणी प्यायचे हे त्यांच्या मोजमापांवर ठरले होते, पण हिलरी-तेन्झिंगच्या छायाचित्रापुढे ते नाव मागेच पडले. उंची, थंडी आणि उष्णता या तिन्हींवर इतके मूलभूत काम करणारा दुसरा माणूस सापडणे कठीण आहे.

मग एप्रिलच्या २३ अंशांत जे जमत नाही, ते जुलैच्या २८ अंशांत का जमते? याचे उत्तर धावण्याच्या ट्रॅकवर मिळाले नाही, ते दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणीत मिळाले. विटवॉटर्सरँडच्या खोल खाणींत १९२४ पासून उष्माघाताचे मृत्यू नोंदले जाऊ लागले. खडकाच्या धुळीने फुप्फुसे निकामी होतात म्हणून सगळीकडे पाणी फवारले जाई आणि त्यामुळे आधीच गरम असलेली हवा ओलीचिंब होई. एका रोगावरच्या इलाजाने दुसरा जन्माला घातला होता. सिटी डीप खाणीतले डॉक्टर ए. ओ. ड्रेओस्टी यांनी १९३० च्या दशकात नव्या कामगारांना गरम खोलीत दगड उपसायला लावून त्यांची तापमाने मोजली आणि पहिले सुमारे दोन आठवडे हलक्या कामापासून चढत नेण्याची पद्धत बसवली. मृत्यू घटले. हे संशोधन माणुसकीपोटी झाले असे मानायचे कारण नाही. खाणमालकांना काळे मजूर कामावर टिकवायचे होते आणि खाणी अधिक खोल न्यायच्या होत्या. पण आज प्रत्येक धावपटूच्या सरावाच्या तक्त्यात ‘उन्हाची सवय’ म्हणून जे दोन आठवडे असतात, ते याच मजुरांच्या अंगावर मोजले गेले आहेत, आणि धावण्याच्या पुस्तकांत त्याचा उल्लेख क्वचितच सापडतो.

या दोन आठवड्यांत बदल ठरावीक क्रमाने होतात. पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तातला प्लाझ्मा वाढतो, त्यामुळे त्वचा आणि स्नायू दोघांनाही पुरेल इतके रक्त फिरू लागते आणि नाडी उतरते. त्यानंतर घामाच्या ग्रंथी सुधारतात. घाम लवकर सुटतो, जास्त येतो आणि त्यातले मीठ कमी होते, कारण अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक ग्रंथींना सोडियम परत खेचायला लावते. हिवाळ्यात सराव करणाऱ्यालाही धावण्याने अंग तापत असल्यामुळे यातला थोडा भाग मिळालेला असतो, पण तो पुरा नसतो. ऊन थांबले की ही कमाई काही आठवड्यांत ओसरते.

मुंबईचे वेळापत्रक या बाबतीत बॉस्टनच्या नेमके उलटे आहे. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते, त्यामुळे लांब पल्ल्याचा सराव ऑक्टोबर हीटमध्ये सुरू होतो आणि शर्यतीच्या वेळी हवा त्यामानाने गार झालेली असते. खरी अडचण मार्चमध्ये येते. पूर्वेकडचा कोरडा वारा समुद्राचा वारा दुपारपर्यंत अडवून धरतो आणि पारा एकाएकी चढतो.

उन्हातल्या धावेवरचा बाजारू उपाय म्हणजे पाणी आणि त्याहून महागडी रंगीत पेये. १९९६ साली अमेरिकेतल्या क्रीडावैद्यकीय मार्गदर्शनात घामाइतके किंवा सोसेल तितके प्या असा सल्ला आला आणि पेये विकणाऱ्यांनी तो आनंदाने उचलला. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये संशोधकांनी शेवटच्या रेषेवर ४८८ धावपटूंचे रक्त तपासले. त्यातल्या १३ टक्क्यांच्या रक्तातले सोडियम सामान्य पातळीच्या खाली गेले होते. निकाल २००५ मध्ये छापून आला, आणि शर्यतीत ज्यांचे वजन वाढले होते त्यांना धोका सर्वाधिक असल्याचे त्यात दिसले. रंगीत पेयांनीही हे टळत नाही, कारण त्यांतले सोडियम रक्तातल्यापेक्षा फारच कमी असते. तहान लागेल तसे पिणे बहुतेकांना पुरते. तुंबलेल्या उष्णतेवर मात्र पाणी पिण्याने फारसा फरक पडत नाही, वेग कमी केल्याने पडतो, कारण उष्णता तयार होते ती वेगातून.

वेग किती कमी करायचा हे ठरवायला नुसता पारा अपुरा आहे. अमेरिकी मरीन सैनिकांच्या पॅरिस आयलंड येथील प्रशिक्षणात उष्माघात वाढले, तेव्हा याग्लू आणि मिनार्ड यांनी १९५७ मध्ये एक निर्देशांक मांडला. त्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापीला ७० टक्के वजन, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोलातल्या तापमापीला २० टक्के आणि नेहमीच्या तापमापीला फक्त १० टक्के. मॅरेथॉनच्या मार्गावर दिसणारे रंगीत झेंडे याच निर्देशांकावर बदलतात. बॉस्टन, न्यूयॉर्क आणि इतर काही मॅरेथॉनच्या अनेक वर्षांच्या वेळा तपासल्यावर २००७ मध्ये आढळले की हा निर्देशांक ५ अंशांवरून २५ कडे जाताना सर्वांचीच गती घटत जाते, आणि मागून येणाऱ्यांची जास्त घटते. मागचे धावपटू उन्हात जास्त वेळ असतात, हे एक उघड कारण.

धावणारा बरळू लागला, अडखळू लागला किंवा वागणे बदलले, तर तो उष्माघात समजावा. त्वचा घामाने ओली असली तरी. अमेरिकेतल्या फालमाउथ येथील उन्हाळी शर्यतीत १८ वर्षांत उष्माघाताचे २७४ रुग्ण झाले. सर्वांना जागेवरच बर्फाच्या पाण्याच्या टबात बुडवले गेले, आणि २७४ पैकी सगळे वाचले. तिथला नियम आहे, आधी गार करा, रुग्णवाहिका नंतर.