गावतळ्याचे आरोग्य

तळे म्हणजे काय, हे पनवेलच्या श्रोत्यांना सांगण्याचे कारण नाही. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे, देवाळे ही नावे येथे पत्ता सांगतानासुद्धा सहज तोंडी येतात. इस्रायल तळ्याच्या नावात बेने इस्रायल समाजाची आठवण राहिली आहे. पुढे देहरंगच्या धरणाचे पाणी नळाने घरात आले. सोय मोठी झाली. पण ज्या पाण्यावर आपली घागर भरत नाही, त्या पाण्यावर नजर ठेवण्याची सवयही सुटली. आता आपण तळ्यावर जातो ते संध्याकाळी, पाय मोकळे करावयास. त्या वेळी काठावरच्या दिव्यांच्या उजेडात कोणतेही तळे सुंदरच दिसते. तेव्हा तळे निरोगी आहे की आजारी हे ओळखावे कसे, या एकाच प्रश्नाचा आपण येथे विचार करू.

आपल्यासारखाच तळ्यालाही प्राणवायू लागतो. आपण ज्या हवेत वावरतो, तिच्या एका लिटरात सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. तीस अंश उष्णतेच्या पाण्याच्या एका लिटरात मात्र तो जेमतेम साडेसात मिलिग्रॅम मावतो, आणि पाणी जसे तापेल तसा आणखी कमी. माशांचा, गोगलगाईंचा, तळाच्या किड्यांचा आणि सूक्ष्म जंतूंचा संसार या तुटपुंज्या शिदोरीवर चालतो. दिवसा पाण्यातील वनस्पती व शेवाळ सूर्यप्रकाशात प्राणवायू तयार करतात. सूर्य मावळला की ही कमाई थांबते. खर्च मात्र रात्रभर चालूच राहतो, आणि शेवाळही त्या खर्चात वाटेकरी होते. म्हणून तळ्याची खरी परीक्षा पहाटे असते. मेलेले मासे बहुधा सकाळीच तरंगताना दिसतात, त्याचे कारण हेच. आदल्या संध्याकाळी तेथे फिरून आलेल्या माणसाला वाटते, रात्री कोणी विष कालवले असावे. विष नसते असे नाही. पण पुष्कळदा तळे केवळ गुदमरलेले असते.

ते गुदमरते कशाने? खाण्याच्या अतिरेकाने. नत्र आणि स्फुरद ही शेतातील पिकांची खते. तीच शेवाळाचीही खते होत. ती तळ्यात येतात शौचकूपांच्या पाझरातून, गटारांतून, धुण्याच्या काही पावडरींतून, निर्माल्यातून, आणि माशांना पुण्य म्हणून टाकलेल्या पावातूनसुद्धा. खत वाढले की शेवाळ माजते, पाणी हिरवेगार होते. ते शेवाळ मरून तळाशी गेले की त्याला कुजवणारे जंतू उरलासुरला प्राणवायू संपवतात. कॅनडातील शास्त्रज्ञांनी १९७३ साली एका लहान सरोवराचे पडदा घालून दोन भाग केले. दोन्ही भागांत त्यांनी कर्ब व नत्र घातले, पण स्फुरद एकाच भागात. स्फुरद घातलेला भाग शेवाळाने हिरवा झाला. दुसरा स्वच्छ राहिला.

एवढे समजले की आपल्या काही उपायांची पारख करता येते. जलपर्णी काढली, हे चांगलेच. पण तिचा ढीग काठावर कुजत ठेवला तर तिने शोषलेले खत पहिल्या पावसाबरोबर पुन्हा तळ्यात जाते. शाडूची मूर्ती विरघळते आणि प्लॅस्टरची विरघळत नाही, हा फरक खरा; पण शाडूचाही गाळ तळाशीच साचतो, म्हणून लहान तळ्याला दोन्हींपासून वाचवून वेगळ्या हौदात विसर्जन करणे बरे. काठाला सर्वत्र उभी भिंत बांधली तर माती ढासळत नाही. पण उथळ, गवताळ काठ नाहीसा होतो. मासे अंडी घालतात, बेडूक राहतात, पाणपक्षी चरतात ते तेथेच. फिरण्याची वाट अवश्य असावी; परंतु काठाचा काही भाग मुद्दाम तसाच सोडावा.

मुख्य उपाय मात्र काठावर नाही. तो गटाराच्या तोंडाशी आहे. अमेरिकेत सिअ‍ॅटल शहराजवळच्या वॉशिंग्टन सरोवरात भोवतालच्या गावांचे मैलापाणी जाई. १९५८ साली तेथील नागरिकांनी मतदानाने या कामाचा भार पत्करला. १९६३ ते १९६८ या काळात सारे मैलापाणी दुसरीकडे वळवले गेले, आणि काही वर्षांतच पूर्वी मीटरभरही न दिसणाऱ्या पाण्यात तीन मीटर खोल दिसू लागले. आपली तळी त्यामानाने फार लहान व उथळ आहेत. त्यांच्या गाळात जुने खत साठलेले असल्यामुळे गाळही काढावा लागतो. पण क्रम चुकता कामा नये. सांडपाणी येत असता गाळ काढणे म्हणजे नळ उघडा ठेवून मोरी उपसणे होय.

पनवेलची नगरपालिका १८५२ ची. २०१६ साली तिची महानगरपालिका झाली. इतक्या जुन्या नागरी परंपरेच्या गावाला ही गोष्ट अशक्य नाही. आमची विनंती एवढीच, की एखाद्या दिवशी सूर्योदयापूर्वी तळ्यावर जावे. मासे वर येऊन तोंडे उघडझाप करीत आहेत का, पाण्याला कुजका वास आहे का, हे पाहावे. मरळीसारखा मासा वरची हवा घेऊन जगतो, म्हणून त्याच्यावरून निर्णय करू नये. रोहू, कटला यांच्याकडे पाहावे. आणि परतताना आपल्या घरची मोरी कोठे जाते, याची चौकशी करावी. तिचा शेवट तळ्यात होत असेल, तर तळ्याचा आजार आपल्याच घरातून सुरू झालेला आहे. त्यावरचा इलाजही तेथूनच सुरू व्हावयास हवा.