हुशार मुलीला कसले टेन्शन? : सहा गैरसमज आणि वस्तुस्थिती

बारावीचा निकाल लागला की मथळा ठरलेला असतो : 'यंदाही मुलींचीच बाजी'. २०२५ च्या परीक्षेत राज्यातील ९४.५८ टक्के मुली उत्तीर्ण झाल्या, तर मुलांचे प्रमाण ८९.५१ टक्के होते. दहावीतही मुली ९६.१४ आणि मुले ९२.३१ टक्के. अभिमान वाटावा असेच हे आकडे आहेत. पण या मुलींमध्ये जी सगळ्यांच्या पुढे असते, तिच्याविषयी घरी, शाळेत आणि नात्यागोत्यात काही समजुती पक्क्या बसल्या आहेत. त्यांचा जाच तिलाच होतो. अशा सहा समजुती तपासून पाहू.

गैरसमज १ : 'एवढी हुशार आहे, तिला कसले टेन्शन?'

वस्तुस्थिती : अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने आपल्या विद्यार्थिनींचे अनुभव जाणून घेऊन २००३ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. अभ्यासात पुढे, दिसायला छान, अंगाने सडपातळ, सगळ्यांमध्ये लोकप्रिय असे सर्व काही असायलाच हवे आणि त्यामागचे कष्ट मात्र कुणाला दिसता कामा नयेत, अशी अपेक्षा आपल्यावर असल्याचे तिथल्या मुलींनी सांगितले. 'विनासायास परिपूर्णता' ही कल्पना त्या अहवालामुळे चर्चेत आली. ताण लपवणे हा या अपेक्षेचाच भाग असल्याने तो बाहेरून ओळखू येत नाही.

आपल्याकडेही अशा मुली वर्गावर्गात आहेत. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये एका ओळीत खाडाखोड झाली, म्हणून एखादी रात्री बारा वाजता अख्खे पान पुन्हा लिहायला घेते. आकृती, तिची नावे, निरीक्षणांचा तक्ता, सगळे पहिल्यापासून. सकाळी मैत्रिणींना मात्र सांगते, 'अगं, माझे काहीच झालेले नाही.' मॅडम स्वच्छ पान पाहतात आणि वर्गाला दाखवतात. जागरण कुणालाच कळत नाही.

गैरसमज २ : 'सगळे परफेक्ट हवे असा हट्ट आहे, म्हणून तर ती पहिली येते'

वस्तुस्थिती : उत्तम काम करण्याची ओढ आणि परिपूर्णतेचा हट्ट या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पॉल हेविट आणि गॉर्डन फ्लेट या कॅनडातील मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये या हट्टाचे तीन प्रकार मांडले : स्वतःकडून अचूकतेची अपेक्षा, इतरांकडून अचूकतेची अपेक्षा आणि 'मी अचूक असेन तरच लोक मला स्वीकारतील' ही धारणा. नैराश्य आणि चिंता यांच्याशी तिसऱ्या प्रकाराचे नाते विशेष घट्ट असल्याचे पुढच्या अनेक अभ्यासांत दिसले.

ओढ असलेली मुलगी चूक सुधारते आणि पुढच्या गणिताकडे वळते. हट्टात अडकलेलीला मात्र ती चूक म्हणजे आपल्या नालायकीचा पुरावा वाटते. मग ती वर्गात शंका विचारत नाही, नवे काही करून पाहायचे टाळते आणि मनासारखे होत नाही म्हणून प्रोजेक्ट देणे लांबवत राहते. तिचे यश बुद्धीचे आणि मेहनतीचे असते. हट्टाने तिची झोप, भूक आणि अभ्यासातला आनंद तेवढा जातो.

गैरसमज ३ : 'हे सगळे मोबाइलचे खूळ, आमच्या वेळी असे नव्हते'

वस्तुस्थिती : थॉमस कुरन आणि अँड्र्यू हिल या ब्रिटिश संशोधकांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधील ४१,६४१ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ या काळातली माहिती एकत्र तपासली. लोकांना आपल्याकडून अचूकताच हवी, ही भावना या काळात ३३ टक्क्यांनी वाढली होती. समाजमाध्यमांनी त्यात भर घातली असेल, पण इन्स्टाग्राम आले २०१० मध्ये. तीव्र स्पर्धा, गुणांवरून माणसाची किंमत ठरवण्याची रीत आणि पालकांची वाढती धास्ती यांकडेही या संशोधकांनी बोट दाखवले आहे.

आणि आमच्या वेळी नव्हते म्हणावे, तर आनंदीबाई जोशी आठवाव्यात. मुलीने शिकावे म्हणून लोकांचा रोष पत्करणारे तिचे पती गोपाळराव अभ्यासासाठी तिला मारहाणही करत, हे तिने त्यांनाच लिहिलेल्या पत्रात नोंदवले आहे. १८८३ मध्ये परदेशी जाण्यापूर्वी आपण पोशाख, आहार, रीतिरिवाज काहीही सोडणार नाही, असे तिला सेरामपूरच्या जाहीर सभेत सांगावे लागले. डॉक्टरही व्हायचे आणि आदर्श हिंदू स्त्री म्हणून तसूभरही ढळायचे नाही! १८८६ मध्ये तिने फिलाडेल्फियाहून पदवी मिळवली आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, क्षयाने ती गेली. क्षयाचे खापर अपेक्षांवर फोडता येणार नाही. पण एकाच मुलीने दोन्हीकडच्या कसोट्यांना उतरायचे, ही मागणी आपल्याकडे किती जुनी आहे, हे यातून कळते.

गैरसमज ४ : 'आम्ही तर तिच्यावर कधीच दबाव टाकत नाही'

वस्तुस्थिती : दबाव रागावूनच येतो असे नाही, तो कौतुकातूनही येतो. कॅरल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर यांनी १९९८ मध्ये पाचवीच्या वर्गातील मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. 'तू हुशार आहेस' असे कौतुक झालेली मुले पुढच्या वेळी सोपी कोडी निवडू लागली, कारण हुशारीचा शिक्का पुसला जाण्याची भीती होती. 'तू मेहनत घेतलीस' असे ऐकलेली मुले अवघड कोडी मागत होती आणि अपयशानंतरही टिकून राहत होती.

'हिने आम्हाला कधी मान खाली घालायला लावली नाही.' पाहुण्यांसमोर प्रेमाने उच्चारलेल्या या वाक्यात आईबाबांना अभिमान वाटतो. मुलगी मात्र त्यातली अट ऐकते : माझे काही चुकले, तर यांची मान खाली जाईल. ९६ टक्के घेऊन आलेल्या मुलीला हसत हसत विचारलेले 'उरलेले चार कुठे गेले?' हेही तसेच. विचारणारा विसरून जातो, ती विसरत नाही.

गैरसमज ५ : 'आता मुलगा-मुलगी फरक राहिलाय कुठे?'

वस्तुस्थिती : केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातील विनामोबदला काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर पुरुष ८८ मिनिटे. करिअरची दारे उघडली, पण घरच्या कामाची वाटणी फारशी बदलली नाही. त्यामुळे चांगल्या पगाराच्या नोकरीबरोबर 'स्वयंपाक येतो ना?' हा प्रश्नही तिचीच वाट पाहत असतो.

आयआयटीमध्ये २०१८ पासून मुलींसाठी अतिरिक्त जागा आल्या. त्या मुलांच्या जागा कमी करून दिलेल्या नाहीत आणि त्यांवर प्रवेशासाठी जेईई अ‍ॅडव्हान्स्डमध्ये पात्र ठरावेच लागते. तरीही 'कोट्यातून आली' हा टोमणा मारला जातोच. १९७८ मध्ये पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी यशस्वी स्त्रियांमध्ये 'मी या जागेला लायक नाही, एक दिवस माझे पितळ उघडे पडेल' ही भावना नोंदवली होती. पुढे ती पुरुषांमध्येही आढळली, आणि तो काही आजार नव्हे. पण आजूबाजूचेच रोज लायकीची शंका घेत असतील, तर 'आत्मविश्वास वाढव' हा सल्ला एकट्या तिलाच देऊन काय उपयोग?

गैरसमज ६ : 'खचली म्हणजे कच्ची निघाली'

वस्तुस्थिती : ३० ऑक्टोबर २०२५, नवी मुंबईचे डी. वाय. पाटील स्टेडियम. विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने दिलेले ३३९ धावांचे लक्ष्य भारताने गाठले आणि मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज १२७ धावांवर नाबाद राहिली. याच स्पर्धेत एका सामन्यातून तिला वगळण्यात आले होते. विजयानंतर तिने जगासमोर सांगितले, की या काळात चिंतेने तिला ग्रासले होते आणि ती जवळजवळ रोज रडत होती. आईला फोन करून रडणे, संघातल्या मैत्रिणींनी नुसते जवळ येऊन उभे राहणे, हे सगळे तिने मोकळेपणाने मांडले, कारण असाच त्रास सोसणाऱ्या कुणाला तरी त्याचा आधार होईल. रडणे आणि नाबाद शतक, दोन्ही एकाच मुलीचे होते.

झोप उडणे, जेवण तुटणे, छातीत धडधड, 'मी कशाच्याच कामाची नाही' असे सतत वाटणे ही मदत घेण्याची वेळ झाल्याची लक्षणे आहेत. केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते.

अपेक्षा ठेवूच नयेत, असे यातून कुणी समजू नये. मोठे स्वप्न पाहणाऱ्या मुलीला पाठबळ हवेच. पण मुलाचा एक प्रयत्न फसला की आपण सहज म्हणतो, 'होते असे, पुढच्या वेळी बघू.' ते वाक्य मुलीच्या वाट्यालाही यायला हवे, आणि निकालाच्या दिवसाची वाट न पाहता आधीच. नीट असो वा एमपीएससी, परीक्षेला निघताना तिला एवढे माहीत असावे, की आज पेपर कसाही गेला तरी घरातली तिची जागा हलणार नाही.