बोटे झिजली, काच ओळखेना

नोव्हेंबर आला की निगडी-आकुर्डीच्या आमच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर बोटांचा विषय निघतो. गुडघ्यांचा विषय बारमाही, बोटांचा मात्र खास नोव्हेंबरचा. कारण हयातीचा दाखला. खरे तर भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनरांना २०२० पासून तो वर्षात केव्हाही देता येतो आणि दिल्यापासून वर्षभर चालतो. पण सवय ती सवय. आमच्यातले कित्येक जण निवृत्त होऊन पंधरा वर्षे झाली तरी अजून गुरुवार उजाडला की ‘आज सुट्टी’ म्हणतात.

पूर्वी बँकेत जायचे, साहेबासमोर उभे राहायचे आणि सही करायची, की माणूस जिवंत ठरत असे. १० नोव्हेंबर २०१४ रोजी ‘जीवन प्रमाण’ ही योजना सुरू झाली आणि आधार क्रमांक व बोटाचा ठसा दिला की घराजवळच दाखला मिळू लागला. कल्पना उत्तम, यात शंका नाही. पण त्या छोट्या यंत्रावर बोट ठेवणारा माणूस कोण, याचा विचार या पट्ट्यात तरी कोणी केला नसावा.

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि मग टेल्को, बजाज आणि त्यांच्या आधाराने भोसरीपर्यंत पसरलेली शेकडो लहान वर्कशॉप. सातारा, सोलापूर, मराठवाडा, खानदेशातून पोरे आली. कोणी टर्नर झाला, कोणी फिटर, कोणी फाउंड्रीत गेला. हातांना रोज कूलंट, कानस, एमरी पेपर आणि सुटताना ग्रीस काढायला खरखरीत साबण. मी स्वतः टूलरूममध्ये एकतीस वर्षे काढली. जॉबवरून नख फिरवून बर कुठे राहिली आहे ते सांगायचो, भिंग लागायचे नाही. तीच बोटे आता यंत्राला ओळखू येत नाहीत. वयानेही कातडी कोरडी पडते, तिचा लवचिकपणा जातो, रेषा पुसट होतात. त्यात आमच्या रेषा आधीच कारखान्यात झिजलेल्या. एका सेवा केंद्रात दहाच्या दहा बोटे ठेवून झाल्यावर तिथला मुलगा मला म्हणाला, “आजोबा, घरी जाऊन क्रीम लावा आणि उद्या या.” बिचाऱ्याचा दोष नव्हता. पण कट्ट्यावरच्या एका मित्राचे पेन्शन याच कारणाने चार महिने थांबले. पुढे थकबाकीसकट मिळाले हे खरे, पण चार महिने औषधे मुलाच्या पैशाने आणावी लागली. ते त्याला जास्त लागले.

नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारने चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय केली. २०२२ पासून ती आमच्यासारख्या भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनरांनाही मिळाली. फोनसमोर बसायचे, पापणी मिटायची, उघडायची, झाले. पण त्याआधी फोनवर दोन ॲप उतरवायची, ओटीपी आला की तो वेळेत टाकायचा, बारीक चौकटीत टिचकी मारून संमती द्यायची. म्हणजे ठसा टळला, बोट काही टळले नाही.

आता या काचेचेही एक शास्त्र आहे. फोनची काच दाब ओळखत नाही. तिच्यावर अगदी सूक्ष्म विद्युतभार असतो आणि ओलसर बोट टेकले की तो त्या जागी बदलतो. तो बदल फोनला कळतो. बोट कोरडे आणि घट्टे पडलेले असेल, तर बदल पुरेसा होत नाही. मग माणूस काय करतो? आयुष्यभर जे शिकला तेच. चालत नाही तर जोर लावतो. बोट दाबून धरले की फोनला वाटते, याला काही वेगळेच हवे आहे, आणि तो भलताच चौकोन उघडतो. “बाबा, किती वेळा सांगितलं, हलकं टच करा!” हे वाक्य प्राधिकरणातल्या कुठल्या घरात ऐकू येत नाही?

यावर उपाय फोनमध्येच आहे. बोट किती वेळ टेकले म्हणजे ‘दाबून धरले’ समजायचे, ती मुदत सेटिंगमध्ये वाढवता येते. अक्षरे मोठी करता येतात. नको असलेली चित्रे समोरून हलवता येतात. पण हे कोणी करून देत नाही. दुकानदार फोन विकतो, मुलगा घाईत असतो आणि नातू स्वतःला आवडेल तसा फोन लावून देतो.

माझ्या मते धंद्याची खरी जागा इथे आहे. ज्येष्ठांसाठी स्टार्टअप म्हटले की आमची हिंजवडीतली मुले आणखी एक ॲप काढायला निघतात. केंद्र सरकारने २०२१ मध्ये ‘सेज’ योजना आणली. तिच्यात ज्येष्ठांसाठी वस्तू व सेवा देणाऱ्या नव्या उद्योगात सरकार एक कोटीपर्यंत भांडवल घालू शकते, म्हणजे पैशाची वाट अगदीच बंद नाही. २०२२ मध्ये शंतनू नायडू या तरुणाने रतन टाटांच्या पाठबळावर मुंबईत ‘गुडफेलोज’ सुरू केली. तरुण मुले वृद्धांकडे जाऊन बसतात, बोलतात, बरोबर चालायला जातात. त्यात विकली जाते ती सोबत. आमच्याकडे गरज थोडी वेगळी आहे. आम्हाला घरी येऊन अर्धा तास फोन नीट लावून देणारा, दर तीन महिन्यांनी तपासणारा आणि वर्षातून एकदा दाखल्याचे काम उरकणारा माणूस हवा. कारखान्यात मशीनला मेंटेनन्सचे कार्ड टांगलेले असे, तसे. २०२० पासून पोस्टमन घरी येऊन दाखला करून देतो, तेही पुष्कळांना ठाऊक नाही. तो बोट स्वतःच्या हातात धरून यंत्रावर नीट टेकवतो आणि पुष्कळदा तेवढ्याने जमते.

आणि सगळेच काचेवर कशाला? भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये गाड्यांसाठी पाइप वाकवणारी यंत्रे आहेत. न्हाणीघरात धरायला दीड इंची स्टीलची दांडी, पकड बसेल असा नळाचा खटका, अंधारात बोटाला कळेल अशी खाच असलेले बटण, हे त्यांना डाव्या हाताचे काम आहे. डिझाइन करायला निवृत्त टूलरूमवाले आहेतच; आम्ही चहावरही येऊ.

अडते ते किमतीपाशी. ज्याचा मुलगा परदेशात आहे तो महिन्याला दोन हजार सहज देईल आणि प्रत्येक नवा उद्योग त्याच्याच दारात उभा राहील. पण ‘ईपीएस-९५’ची किमान पेन्शन २०१४ मध्ये महिना एक हजार रुपये ठरली, आणि त्याच्या आसपास घेणारे कंत्राटी व छोट्या वर्कशॉपमधले कामगार या पट्ट्यात ढिगाने आहेत. बोटे सर्वांत जास्त झिजली ती त्यांचीच. मागच्या आठवड्यात एका होतकरू मुलाने कट्ट्यावर येऊन आपली योजना सांगितली. वर्गणी महिना सातशे. कोपऱ्यात बसलेल्या, फाउंड्रीतून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी एवढेच विचारले, “आणि वर्षातून एकदाच आलास तर किती घेशील?” मुलाने वही काढली आणि पुन्हा आकडे मांडायला बसला.