घेणें, देणें आणि इंग्रजी ‘टेक’

माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपुरतें. तरीहि पुष्कळ वर्षें मीं नाशकांतील मुलांना इंग्रजी शिकविलें, आणि त्यांतील एका चुकीची कबुली आज द्यावयाची आहे.

माझा एक जुना विद्यार्थी सातपूरला एका कारखान्यांत मुलाखतीसाठीं गेला. ‘गेल्या महिन्यांत मीं परीक्षा दिली’ हें इंग्रजींत सांगतांना त्यानें ‘गिव्ह’ हें क्रियापद योजिलें. साहेबांनीं हंसून विचारलें, “म्हणजे आपण परीक्षक कीं काय?” मुलगा गोंधळला, पुढचें बोलणेंच खुंटलें. संध्याकाळीं घरीं येऊन म्हणाला, “सर, माझ्या वहींत हेंच वाक्य तुम्ही बरोबर ठरविलें होतें.” त्याचें म्हणणें खरें होतें.

आपल्याकडे मास्तर परीक्षा घेतात, विद्यार्थी देतो. हिशेब द्यावा तशी. इंग्रजींत दृष्टि उलटी. तेथें परीक्षा ही जणू वर्गांत वाटावयाची वस्तु. शिक्षकाकडे ‘गिव्ह’, विद्यार्थ्याकडे ‘टेक’. कोरियन भाषेंत तर विद्यार्थी परीक्षा ‘पाहतो’ आणि रोगी औषध ‘खातो’. तेव्हां हें ‘टेक’ तेथील मुलांनाहि छळत असणार. हिंदी भाषिकहि परीक्षा देतोच. त्यामुळें हा ‘गिव्ह’ भारतांत इतका रुळला आहे कीं, त्याला चूक म्हणावें कीं आपली इंग्रजी, याविषयीं मी अलीकडे मवाळ झालों आहे. मुलाखत घेणारा मवाळ असेलच असें नाहीं.

खरा घोटाळा आपलें ‘घेणें’ कित्येकदां ‘टेक’शीं तंतोतंत जुळतें म्हणून होतो. शपथ, सूड, निरोप, औषध, रजा, हीं सारीं दोन्हीकडे घ्यावयाचींच. एकदां विश्वास बसला कीं फसगत. त्र्यंबकेश्वरला जावयाचें तर इंग्रजींत बस ‘टेक’ करतात. आपण ‘बस घेतली’ म्हटलें तर शेजारी पेढे मागतील. छायाचित्र आपण काढतों, मुलाला शाळेंत नेतों. वेळ तर आपल्याकडे लागतो. इंग्रजींत प्रवासच आपला तास घेऊन जातो.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्या शिकल्या. तेथें निदान संबंध वाक्याचें भाषांतर करावें लागे. मीं सोपें करावें म्हणून फळ्यावर नुसत्या जोड्या लिहिल्या: घेणें म्हणजे टेक, देणें म्हणजे गिव्ह. पांचवींत बसलेली ती गांठ शालान्त परीक्षेपर्यंत सुटत नसे. २००० सालापासून महाराष्ट्रांत पहिलीपासून इंग्रजी आली. गांठ आतां आणखी लवकर बसते.

त्या संध्याकाळीं आम्ही दोघांनीं वहीचें नवें पान उघडलें. क्रियापद एकटें लिहावयाचें नाहीं, नामासह लिहावयाचें, असें ठरलें. रात्रीपर्यंत चाळीस जोड्या झाल्या. पुढच्या मुलाखतीला जातांना त्यानें ती वही बरोबर नेली. आणि ‘नेली’ येथेंहि ‘टेक’च, हें जातां जातां मला सांगून गेला.