तीन भाऊ, तीन अंगरखे

नालवाडीहून नागपूर सुमारे 75 किलोमीटर. जुनी पुस्तके धुंडाळायला मी तिथे जातो, तेव्हा दोन नावे हमखास नजरेस पडतात : हिस्लॉप कॉलेज आणि सेंट फ्रान्सिस डि सेल्स कॉलेज. या दोन नावांमागे जिनिव्हाचे जुने भांडण आहे, हे मला फार उशिरा उमगले.

1845 साली नागपूरला आलेले स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, म्हणजे जॉन कॅल्व्हिनच्या परंपरेतले. कॅल्व्हिनची कर्मभूमी जिनिव्हा. फ्रान्सिस डि सेल्स हे 1602 पासून त्याच जिनिव्हाचे कॅथॉलिक बिशप. पण शहर कॅल्व्हिनपंथीयांच्या हाती, म्हणून पद जिनिव्हाचे आणि बिऱ्हाड ॲनसीला!

कॅल्व्हिनचे म्हणणे असे, की कोणाचा उद्धार व्हायचा हे ईश्वराने सृष्टीच्या आधीच ठरवले आहे; माणसाच्या पुण्याईने त्यात फरक पडत नाही. कॅथॉलिकांच्या मते कृपा ईश्वराचीच, पण माणसाने तिला साथ द्यायला हवी. शिवाय त्यांना बायबलबरोबर चर्चची परंपराही प्रमाण.

जोनाथन स्विफ्टने 1704 साली ‘अ टेल ऑफ अ टब’मध्ये या भांडणाची भाऊबंदकी केली. बाप तीन मुलांना एकेक अंगरखा देतो आणि मृत्युपत्रात बजावतो, यात काही बदल करायचा नाही. पीटर, म्हणजे रोमचे चर्च, फॅशन बदलेल तशी कलाबूत चढवतो. मृत्युपत्रात परवानगी सापडत नाही, तेव्हा एकेक अक्षर वेचून हवा तो शब्द जुळवतो. (आपल्याकडचे काही भाष्यकार इथे आठवतातच.) पुढे बाकीचे दोघे वेगळे होतात. मार्टिन कापड फाटणार नाही अशा बेताने कलाबूत उसवतो. जॅक, म्हणजे कॅल्व्हिन, रागाच्या भरात ओरबाडतो आणि अंगरख्याच्या चिंध्या करतो. गंमत पुढेच आहे. त्या चिंध्या दुरून पीटरच्या झालरींसारख्याच दिसतात आणि लोक जॅकला पीटर समजतात! हाच जॅक डोळे मिटून चालतो, खांबावर आपटतो आणि म्हणतो, माझे नाक आणि हा खांब यांची गाठ सृष्टीपूर्वीच ठरलेली होती.

स्विफ्ट स्वतः इंग्लंडच्या चर्चपरंपरेतला पाद्री. मार्टिन त्याच्या घरचा, म्हणून मार्टिनला चिमटे कमी. स्कॉटलंडच्या रॉबर्ट बर्न्सने मात्र 1785 मध्ये ‘होली विलीज प्रेअर’ या कवितेत आपल्याच गावच्या कॅल्व्हिनपंथी चर्चमधल्या एका ढोंगी पंचाला धरले. आपण निवडलेले आहोत या खात्रीने तो स्वतःची पापे माफ समजतो आणि शेजाऱ्यांना शाप देतो.

काही वर्षांपूर्वी एका वाचनालयात मी जॅक आणि खांबाचा प्रसंग रंगवून सांगितला. सभागृह हसले. मागे बसलेले एक निवृत्त शिक्षक, घराणे प्रॉटेस्टंट, हसले नाहीत. नंतर चहा घेताना शांतपणे म्हणाले, “भाऊ, बाप्तिस्मा घेतला तेव्हा आमच्या आजोबांना गावानं टाकलं, भावकीनं पाणी तोडलं. गाव टाको, देवानं आपल्याला आधीच निवडलंय, एवढ्यावर ते उभे राहिले.”

घरी येऊन मी कॅल्व्हिनचे चरित्र पुन्हा काढले. तो फ्रान्समधून पळून आलेला निर्वासित. जिनिव्हात त्याचे प्रवचन ऐकणाऱ्यांतही घरदार सोडून आलेले कितीतरी. स्विफ्टच्या गोष्टीत जॅकच्या चिंध्या दिसतात. घरातून हाकलल्यावर तो कुठे निजला, ते दिसत नाही. त्या शिक्षकांना मी पुढच्या व्याख्यानाचे निमंत्रण दिले आहे.