यवतमाळहून संतोष ट्रॉफीपर्यंत

मार्च २०१६ मध्ये संतोष ट्रॉफीची फायनल नागपुरात झाली. एका बाजूला सेनादल, दुसऱ्या बाजूला महाराष्ट्र. यवतमाळहून नागपूर दीडेकशे किलोमीटर. सकाळची एसटी धरली की जेवणाच्या वेळेपर्यंत माणूस तिथे. देशातली राज्याराज्यांमधली सर्वात मानाची फुटबॉल स्पर्धा आपल्या दारात आली होती आणि फायनलला आपलंच राज्य होतं. महाराष्ट्र २-१ असा हरला, सेनादलाने आदल्या वर्षी जिंकलेला चषक राखला. हरल्याचं वाईट वाटलंच. त्याहून जास्त टोचलं ते हे की, यवतमाळ-दारव्ह्याच्या शाळेत फुटबॉल खेळणाऱ्या पोट्ट्यांना या सामन्याचं फारसं काही वाटलं नाही. महाराष्ट्राचा संघ म्हणजे मुंबईचा संघ, हे त्यांनी न सांगता धरून ठेवलेलं आहे. ते का, हे बघायचं तर बरंच मागे जावं लागतं.

संतोष ट्रॉफी १९४१ मध्ये सुरू झाली. पूर्व बंगालमधल्या संतोष जमीनदारीचे राजे मन्मथनाथ रायचौधुरी यांच्या स्मरणार्थ चषकाला हे नाव मिळालं आणि पहिल्याच फायनलमध्ये बंगालने दिल्लीचा ५-१ असा पराभव केला. पुढची कितीतरी वर्षं बंगालला रोखणं हेच बाकीच्यांचं काम होतं. १९४५-४६ आणि १९५१-५२ या दोन्ही वेळा फायनल मुंबईत झाली आणि दोन्ही वेळा मुंबई घरच्या प्रेक्षकांसमोर बंगालकडून हरली, आधी २-०, मग १-०. अखेर १९५४-५५ मध्ये मद्रासला सेनादलाला २-१ हरवून मुंबईने चषक उचलला.

आज महाराष्ट्राच्या चार विजेतेपदांत हे पहिलं धरलं जातं. पण तेव्हा यवतमाळ मुंबई राज्यात नव्हतंच. आपला जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. मद्रासला जिंकला तो कायद्यानेसुद्धा शेजारच्या राज्याचा संघ होता. विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी, आणि बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबरला, त्या पिढीच्या मुंबई फुटबॉलमधला सर्वात मोठा खेळाडू मेलबर्नच्या मैदानात उतरला. नेव्हिल डिसोझा. ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने तीन गोल केले आणि भारत ४-२ असा जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाने आपल्याला ४-१ हरवलं, त्यातला आपला एकमेव गोलही नेव्हिलचाच. भारत चौथा आला. त्याच्या पुढे आपण ऑलिंपिक फुटबॉलमध्ये आजवर गेलेलो नाही.

नेव्हिल टाटांकडून खेळला, नंतर कॅलटेक्सकडून. त्याच पिढीचा गोली एस. एस. नारायण १९५६ आणि १९६० या दोन्ही ऑलिंपिक संघांत होता; तोही कॅलटेक्सचा. मुंबई फुटबॉलचं सगळं गणित या नावांत दिसतं. तेल कंपनी, टाटा, पश्चिम रेल्वे, पुढे मफतलाल, ऑर्के मिल, महिंद्र. कंपनी खेळाडूला नोकरीवर घ्यायची. सकाळी कामावर हजेरी, दुपारनंतर मैदान. मुंबईच्या हारवूड लीगमध्ये खेळायचं, रोव्हर्स कपमध्ये बाहेरच्या बड्या संघांशी भिडायचं, आणि यातून जो चमकेल तो संतोष ट्रॉफीच्या निवडीला जायचा. पोट भरायची सोय आणि राज्याचा संघ एकाच दोरीने बांधलेले होते. ही पद्धत वाईट होती असं मी म्हणणार नाही. गरीब घरातल्या शेकडो मुलांना तिने आयुष्यभराची भाकर दिली. पण तिचं दार मुंबईच्या कोऑपरेज मैदानाच्या आसपासच उघडायचं.

महाराष्ट्र या नावाने पहिला चषक आला १९६३-६४ मध्ये, पुन्हा मद्रासलाच, आंध्र प्रदेशला १-० हरवून. त्या संघात फोर्तुनातो फ्रँको होता. घराणं गोव्याचं, वाढला मुंबईत, खेळला टाटांकडून, आणि १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. त्याच काळात, डिसेंबर १९६३ मध्ये, पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक राज्याचे मुख्यमंत्री झाले. राज्याच्या सर्वोच्च खुर्चीवर यवतमाळ जिल्ह्याचा माणूस पोचला होता; राज्याच्या फुटबॉल संघाकडे जाणारी साधी पायवाटही जिल्ह्यातून निघत नव्हती.

त्याचं कारण आपल्या पोरांच्या अंगात कस नव्हता, हे नाही. भारतात फुटबॉल पसरला तो छावणी, मिशन शाळा, रेल्वे आणि गिरणी यांच्या आधाराने. कामठीला छावणी होती, म्हणून कामठीचं फुटबॉल आजही जिवंत आहे; रब्बानी क्लबचं नाव विदर्भात कुठेही घ्या, जुने खेळाडू ओळखतात. नागपूरला रेल्वे आणि गिरण्या होत्या. यवतमाळला काय होतं? कापसाच्या जिनिंग-प्रेसिंग आणि मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला, ११३ किलोमीटरची नॅरोगेज. ती गाडी कापूस वाहून न्यायला बांधली होती. तिच्या मालकांनी इथे रेल्वेचा संघ उभा केला नाही, रेल्वे कॉलनीचं मैदानही केलं नाही.

नंतरचे दोन चषक मात्र मला फार आवडतात. १९९०-९१ मध्ये पालक्काडला १-० आणि १९९९-२००० मध्ये त्रिशूरला ३-२. दोन्ही वेळा समोर केरळ, दोन्ही वेळा केरळातच. फुटबॉलसाठी कामधंदा सोडून येणाऱ्या त्या प्रेक्षकांपुढे यजमानांना फायनलमध्ये हरवायचं, तेही दहा वर्षांत दोनदा, याची महाराष्ट्राने पुरेशी आठवण ठेवलेली नाही. मधल्या १९९२-९३ च्या फायनलमध्ये केरळने कोचीला २-० असा हिशेब चुकता केला, हेही सांगायला हवं.

त्यानंतर राज्याच्या संघापेक्षा क्लबचे दिवस आले. महिंद्र युनायटेडने २००३ आणि २००५ मध्ये फेडरेशन कप जिंकला. २००५ च्या फायनलमध्ये स्पोर्टिंग क्लब द गोवा २-१ ने हरला, आणि त्याच हंगामात, डेरिक परेराच्या हाताखाली, महिंद्रने राष्ट्रीय लीगही घेतली. मुंबईच्या क्लबने ती जिंकण्याची ती पहिलीच वेळ. पुढे २०१० मध्ये कंपनीने संघच बंद केला. टाटा, मफतलाल, ऑर्के यांच्यापाठोपाठ तेही दार मिटलं. आता मुंबई सिटी आयएसएल दोनदा जिंकला आहे, ड्युरँड कपच्या २०२२ च्या फायनलपर्यंत गेला, पण तिथे खेळाडू देशभरातून आणि परदेशातून येतात. जिल्ह्याच्या मुलाला कंपनीच्या दारात उभं राहून ट्रायल द्यायची जी एक आशा होती, ती संपली.

क्रिकेटशी तुलना केल्यावाचून राहवत नाही. क्रिकेटमध्ये विदर्भाची संघटना वेगळी, रणजीचा संघ वेगळा. म्हणून पांढरकवड्याच्या अक्षय कर्णेवारला मुंबईला जाऊन कोणाला विनवावं लागलं नाही. दोन्ही हातांनी फिरकी टाकणारा हा मुलगा नागपूरमार्गे वर गेला आणि २०१९ च्या इराणी चषकात विदर्भासाठी शतक ठोकून आला. फुटबॉलमध्ये चंद्रपूरपासून कुलाब्यापर्यंत एकच राज्य संघटना आणि एकच संघ. विदर्भाचा वेगळा फुटबॉल संघ मागावा असं मला वाटत नाही. संतोष ट्रॉफी राज्यांची आहे, ती तशीच राहावी. पण एका संघात सगळं राज्य मावायचं असेल, तर त्याची निवड सगळ्या राज्यात फिरली पाहिजे.

यवतमाळच्या मुलांना राष्ट्रीय बाद फेरीची स्पर्धा ठाऊक असते ती सुब्रतो कपमुळे. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाची ही शालेय स्पर्धा १९६० पासून चालते. तालुका, जिल्हा, अमरावती विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय फेरी. एक मॅच हरली की वर्ष संपलं. राष्ट्रीय फेरी ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, म्हणून खालच्या फेऱ्या येतात ऐन जुलैच्या पावसात. आपली माती काळी, रेगडीची. हाफ टाइमच्या आधीच बुटांना इतका चिखल धरतो की पाय उचलवत नाही. अर्धी पोरं बूट काढून कडेला फेकतात आणि अनवाणी खेळतात. बॉल सरकतच नाही. पास दिला की मध्येच पाण्यात थबकतो. अशा मैदानावर ज्याच्या पायात खरी जादू आहे, जो दोघांना चकवून निघू शकतो, तो पहिल्या दहा मिनिटांत थकतो. आणि जो उभ्याने जोरात बॉल वर उडवतो त्याचा संघ जिंकतो. म्हणजे पावसाळ्यातल्या चाचणीत आपण दरवर्षी चुकीचा मुलगा वर पाठवतो. कोरड्या मैदानावर तो हरला की विभागाच्या गावी लोक म्हणतात, यवतमाळला फुटबॉलच नाही.

जो मुलगा जिल्ह्यापर्यंत खेळतो त्याच्या हाती काय लागतं? दहावीला क्रीडा सवलतीचे गुण, आणि पुढे नशीब असेल तर सरकारी नोकरीतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणाची आशा. दोन्ही गोष्टी चांगल्याच आहेत. पण त्यामुळे पालकांच्या लेखी खेळ प्रमाणपत्रापाशी संपतो आणि सतराव्या वर्षी मुलगा मैदान सोडतो.

नागपूरला विजय बारसे सरांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन सुरू केलेलं काम ‘झुंड’ सिनेमामुळे सगळ्या महाराष्ट्राला कळलं. सिनेमाइतकीच महत्त्वाची बाब म्हणजे त्या कामाने संघ, सामने आणि तारखा दिल्या. मुलांना पुढच्या रविवारी कोणाशी खेळायचंय हे माहीत होतं. आपल्याकडे शालेय स्पर्धेत हरलेल्या संघाला पुढची मॅच पुढच्या जुलैतच मिळते.

म्हणून मागणं मोठं नाही. जिल्ह्याची एक लीग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, जमीन सुकल्यावर, यवतमाळच्या नेहरू स्टेडियमवर आणि पुसद-वणीच्या मैदानांवर चालवावी. मुलींचीही तितक्याच सामन्यांची. आणि संतोष ट्रॉफीसाठी राज्याच्या संघाची पहिली चाचणी मुंबईसोबत नागपूर किंवा अमरावतीतही व्हावी. तिथे यवतमाळ, दारव्हा, पांढरकवड्याचे पोट्टे सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी घरी परत येऊ शकतात; मुंबईला जायचं तर दोन रात्रींचा प्रवास, राहण्याची सोय आणि बापाची बुडालेली मजुरी असा खर्च पडतो, आणि बहुतेक घरांत तो विषय तिथेच थांबतो.